व्हीलचेअर घेताय? आधी टेप घेऊन बाथरूमच्या दारात उभे रहा

बाबांची पहिली व्हीलचेअर मी घाईत घेतली, म्हटलं ऐसपैस असू दे, आरामात बसतील, आणि घरी आणली तर बाथरूमच्या दारातून जाईचना. दार 26 इंच, चेअर 28. वर सीट इतकी रुंद की बाबा कायम डावीकडे कलंडलेले, सगळा भार त्या एका कोपरावर, आठवड्यात कोपर लालेलाल. तेव्हा चेअर बघायला जायच्या आधी मापं घ्या, रंग नि गादी नंतर.

पहिली गोष्ट, 18 इंची चेअर म्हणतात तेव्हा तो आकडा सीटचा असतो. मोठ्या चाकांची असेल तर बाहेरून बाहेर साधारण 8 इंच जास्त धरायचे. म्हणजे 18 ची चेअर 26 ला जाते, शिवाय चाक ढकलणाऱ्या हाताची बोटं चौकटीला घासतात ती वेगळीच. दार मोजताना पूर्ण उघडून, पल्ल्याची जाडी सोडून जी मोकळी जागा उरते तीच मोजा.

आता माणसाचं माप. आईबाबांना कडक खुर्चीवर बसवा, रोजचेच कपडे असू देत, दोन्ही मांड्यांना बाहेरून एकेक जाड पुस्तक उभं टेकवा आणि दोन पुस्तकांमधलं अंतर घ्या. त्यात इंच-दीड इंच मिळवलं की झाली सीटची रुंदी. सीट पुढून मागे किती खोल हवी त्यासाठी कुल्ल्यांच्या मागच्या टोकापासून गुडघ्याच्या मागच्या बाजूपर्यंत मोजायचं आणि 2 इंच वजा करायचे. हे लोक विसरतात. सीट जास्त खोल असली की तिची कड गुडघ्यामागे रुतते, मग माणूस पुढे पुढे घसरत बसतो, आणि आपण बसतो सांगत "बाबा सरळ बसा ना". ते बिचारे बसणार कसे?

फूटरेस्ट फार वर असलं तर गुडघे वर येतात आणि सगळं वजन माकडहाडावर. खाली घ्यावं तर जमिनीपासून निदान 2 इंच तरी वर हवं, नाहीतर उंबऱ्याला अडकतं.

स्वतः ढकलणार की कोणीतरी ढकलणार? हाताने ढकलायची तर मागची चाकं 24 इंचांची लागतात, दुसऱ्यानेच ढकलायची तर 12 इंचांची चालतात, ती चेअर हलकी असते आणि रुंदीलाही कमी. माझं मत विचाराल तर हातात थोडी जरी ताकद असेल तरी मोठी चाकं घ्या, खिडकीपाशी जायला कुणाला हाक मारावी लागत नाही हे म्हाताऱ्या माणसाला फार मोठं असतं. काही जण पायाने जमीन रेटत चेअर चालवतात, त्यांना सीट बुटकी हवी, तळवा पूर्ण टेकला पाहिजे.

सगळ्यात जास्त बघा ते चढणं-उतरणं. हाताच्या दांड्या वर उचलता किंवा काढता आल्या पाहिजेत, म्हणजे पलंगावरून आडवं सरकता येतं. फूटरेस्ट बाजूला वळणारं हवंच हवं, कारण त्याच्यावर पाय देऊन उभं राहिलं की अख्खी चेअर पुढे उलटते. हे मी बघितलंय, मागे मी उभा होतो म्हणून निभावलं.

वजनाचं म्हणाल तर स्टीलची चेअर 18 किलोच्या आसपास, ॲल्युमिनियमची बरीच हलकी, गाडीच्या डिकीत तुम्हालाच टाकायचीय हे लक्षात असू द्या. पुढची चाकं अगदी चिमुकली नकोत, उंबऱ्याला अडतात.

गादी वेगळी घ्यावीच लागते, नुसत्या कापडी सीटची काही दिवसांत झोळी होते. मध्ये भोक असलेली गोल गादी मात्र नको, भोकाच्या कडेने दाब येतो. आणि वरची सगळी मापं गादी ठेवून परत तपासा, कारण 3 इंचांची गादी ठेवली की माणूस तेवढा वर जातो आणि हात-पाय टेकायच्या जागा चुकतात. तासनतास बसणं असेल तर दर अर्ध्या तासाने थोडं हलवा, आणि संध्याकाळी बसायच्या जागेची कातडी बघा, लाली तशीच राहत असेल तर थांबू नका, डॉक्टरांना दाखवा.

घ्यायच्या आधी ब्रेक त्यांच्याच हाताने लावून बघायचा, दुकानदाराच्या किंवा तुमच्या नाही. दुखऱ्या बोटांनी तो खटका ओढला जात नसेल तर लांब दांडी बसवून मिळते, ती तिथेच लावून घ्या.