वाईतली सिनेमाची ठिकाणं कशी शोधावीत, कशी पाहावीत

‘स्वदेस’मधलं चरणपूर उत्तर प्रदेशात, ‘गंगाजल’मधलं तेजपूर बिहारमध्ये, आणि ‘दबंग’मधलं लालगंज पुन्हा उत्तर प्रदेशात. कथेत असं असलं, तरी या तिन्ही सिनेमांचं बरंचसं चित्रीकरण आपल्या सातारा जिल्ह्यात, कृष्णाकाठच्या वाईत आणि तिच्या आसपास झालं आहे. दगडी घाट, नदीला लागून देवळं, जुने वाडे, चहूकडे शेतं, आणि मुंबईहून सगळं युनिट काही तासांत येऊन पोचेल एवढंच अंतर. दिग्दर्शकांना हे सगळं एका जागी मिळालं.

पण कथेत वाईचं नाव येत नाही. म्हणून इथे जाताना ‘शाहरुख कुठे उभा होता’ एवढंच शोधू नये. उत्तरेच्या वेषाआड वाई कुठे कुठे दिसते, ते ओळखायला शिकावं. त्यात खरी मजा आहे.

१. निघण्याआधी सिनेमा पुन्हा पाहा, पण मागचं पाहा

दहा सिनेमांची यादी करू नका. दोन-तीन पुरेत. माझी निवड: आशुतोष गोवारीकरांचा ‘स्वदेस’ (२००४), प्रकाश झा यांचा ‘गंगाजल’ (२००३) आणि अभिनव कश्यप यांचा ‘दबंग’ (२०१०). वेळ असेल तर विशाल भारद्वाज यांचा ‘ओंकारा’ (२००६) घ्या.

या वेळी नट-नट्यांकडे दुर्लक्ष करा आणि त्यांच्या पाठीमागे काय आहे ते बघा. देवळाचं शिखर, घाटाच्या पायऱ्या, वाड्याची तटबंदी, डोंगराची कड अशी न हलणारी गोष्ट दिसली की सिनेमा थांबवून स्क्रीनशॉट घ्या. खोलीतले आणि रात्रीचे प्रसंग सोडून द्या. ते सेटवर झाले की जागेवर, हे बघून कळत नाही.

वाई ओळखण्याच्या दोन खुणा आहेत. पहिली डोंगर. बिहार आणि पूर्व उत्तर प्रदेशातला गंगेचा प्रदेश सपाट आहे. क्षितिजावर पायऱ्या-पायऱ्यांचा, माथ्यावर सपाट असा डोंगर दिसला, की तो सह्याद्री. वाईभोवती पांडवगड आहे, वैराटगड आहे. कॅमेरा कितीही खाली ठेवला तरी एखादी कड चौकटीत येतेच. दुसरी खूण दगड. काशीचे घाट चुनारच्या फिकट वालुकाश्माचे, वाईचे काळ्या बेसॉल्टचे. ‘दक्षिण काशी’ म्हणून वाईची ख्याती आहे खरी, पण दगडाचा रंग दोन्हीकडे वेगळा आहे आणि पडद्यावर तो लपत नाही.

२. महिना आणि वेळ ठरवा

ऑक्टोबर ते फेब्रुवारी उत्तम. भर पावसाळ्यात कृष्णेला पाणी चढतं, खालच्या पायऱ्या बुडतात आणि उघड्या राहिलेल्यांवर शेवाळ असतं. एप्रिल-मे महिन्यांत दगड तापतो, दुपारी घाटावर उभं राहवत नाही.

दिवसाची वेळ तुमचे स्क्रीनशॉटच सांगतील. माणसांच्या सावल्या लांब असतील तर प्रसंग सकाळी लवकर किंवा संध्याकाळी घेतलेला. त्याच वेळेला तिथे पोचा, नाहीतर जागा बरोबर असूनही फोटो जुळत नाही.

३. सुरुवात मेणवलीपासून करा

पुण्याहून स्वारगेटहून एसटी आहे. स्वतःची गाडी असेल तर महामार्गावर सुरूर फाट्याला वळा. फाटा ते वाई या रस्त्यालगतचे जुने वड बघत सावकाश या. वाईपासून मेणवली साधारण तीन किलोमीटर, रिक्षा मिळते.

नाना फडणवीसांचा वाडा आणि त्याच्या मागचा घाट, दोन्ही इथे आहेत. ‘स्वदेस’च्या चरणपूरचा बराच भाग याच परिसरात घडतो. वाडा खासगी मालकीचा आहे, त्यामुळे आत जाण्याआधी विचारा, दार बंद असेल तर ढकलू नका. हे गाव नानांना १७६८ मध्ये औंधच्या पंतप्रतिनिधींकडून मिळालं. पेशवाईच्या अभ्यासकांना ‘मेणवली दप्तर’ म्हणून माहीत असलेली कागदपत्रं याच वाड्यातली. चौकात उभं राहून लाकडी खांब आणि माडीचे कठडे नीट बघा. इतकं जुनं घर कॅमेऱ्यासाठी मुद्दाम बांधून काढणं कुणाला परवडणार नाही.

घाटावर उतरलात की मेणेश्वराच्या देवळाजवळची घंटा बघितल्याशिवाय परतू नका. ती पोर्तुगीज आहे. चिमाजी आप्पांनी १७३९ मध्ये वसई जिंकली, तिथून ती आली. जवळ जाऊन पाहिलंत तर अंगावर बाळ येशूला घेतलेली मेरी दिसते आणि १७०७ हे साल वाचता येतं. महादेवाच्या दारात मेरीची घंटा! कुठल्याही सिनेमाइतकीच ही गोष्ट मला मोलाची वाटते.

४. चौकट जुळवायची कशी

हे काम घाईने होत नाही, त्यामुळे निदान तासभर हाताशी ठेवा.

स्क्रीनशॉटमधल्या दोन अचल वस्तू निवडा, एक जवळची आणि एक लांबची. उदाहरणार्थ, पायऱ्यांचा कोपरा आणि मागचं शिखर. पडद्यावर शिखर कोपऱ्याच्या डावीकडे दिसतंय की उजवीकडे? प्रत्यक्षात ते जास्त उजवीकडे दिसत असेल तर तुम्ही डावीकडे सरका. दोन्ही वस्तू पडद्यावरच्यासारख्या एका रेषेत आल्या, की कॅमेरा त्याच रेषेवर कुठेतरी होता हे पक्कं. अशीच आणखी एक जोडी घेऊन दुसरी रेषा काढा. दोन रेषा जिथे एकमेकींना छेदतात तिथे कॅमेरा होता.

तरीही डोंगर फोटोत बारीक दिसतो, पडद्यावर मात्र अंगावर आल्यासारखा? मग तो लांब भिंगाने घेतलेला आहे. त्याच रेषेवर मागे मागे जा आणि मोबाइलवर दोनपट-तीनपट झूम करा. डोंगर जवळ येईल. उंचीकडेही लक्ष द्या. सिनेमाचा कॅमेरा पुष्कळदा कमरेच्या उंचीवर किंवा क्रेनवर असतो, आपण मात्र सगळे फोटो डोळ्यांच्या उंचीवरून काढतो. पायरीवर बसून पाहा, चौकट एकदम जमते. क्रेनचे शॉट जमणार नाहीत, त्यांच्यामागे लागू नका. त्यासाठी भिंतीवर चढू तर मुळीच नका.

५. मग वाईचे घाट

गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड असे सात घाट आहेत. सगळे पायीच करा. गणपती आळीच्या घाटावर ढोल्या गणपतीचं देऊळ आहे, गणपतराव भिकाजी रास्ते यांनी १७६२ मध्ये बांधलेलं. मूर्ती बघून लगेच परतू नका, देवळाला वळसा घालून मागे जा. मागची भिंत माशाच्या आकाराची निमुळती आहे. पुराचं पाणी त्या टोकावर दुभंगून दोन्ही बाजूंनी निघून जावं, म्हणून ती तशी बांधली. शेजारच्या काशीविश्वेश्वराचा काळा नंदी बघायला पाच मिनिटं पुरतात, पण ती द्याच.

घाटावर लोक आंघोळीला, धुण्याला, दशक्रियेला येतात. अशा वेळी कॅमेरा पिशवीत राहू द्या. हिवाळ्याच्या उत्तरार्धात कृष्णाबाईचा उत्सव असतो. तेव्हा गेलात तर चौकटी जुळवण्याचा हट्ट सोडा आणि उत्सव बघा.

६. गावातल्या माणसांना विचारा

फोनवरचा स्क्रीनशॉट एखाद्या काकांसमोर धरून “काका, हे कुठलं हो?” असं विचारलंत, तर नकाशापेक्षा लवकर उत्तर मिळतं. गर्दीचे प्रसंग करायला गावातली माणसं लागतात. एखादे आजोबा किंवा काकू स्वतःच त्या गर्दीत होत्या असं निघालं, तर तिथेच बसा, चहा सांगा आणि ऐकून घ्या. परवानगी घेतल्याशिवाय त्यांचं बोलणं रेकॉर्ड करू नका.

चित्रीकरण चालू असलेलं सापडलं तर दोरीच्या अलीकडे थांबा, फ्लॅश बंद ठेवा आणि ‘सायलेन्स’ ऐकू आलं की खरंच गप्प राहा.

७. नोंद ठेवा

प्रत्येक जुळलेल्या फोटोखाली सिनेमाचं नाव, त्यातलं मिनिट, जागा आणि तुमची तारीख लिहा. पायरीची तुटलेली कड, नवी रंगवलेली भिंत, तोडलेलं झाड, मागे उभी राहिलेली इमारत, जे बदललं असेल तेही लिहा. ‘स्वदेस’ला वीस वर्षांहून जास्त झाली, तेव्हाचा घाट त्यात जसाच्या तसा टिपलेला आहे. तुमचे फोटो त्याच्याशेजारी ठेवले तर काय बिघडलंय आणि काय अजून शाबूत आहे ते गावाला दाखवता येईल. म्हणून जोडीचे फोटो मोबाइलमध्येच ठेवू नका. ज्यांनी जागा दाखवली त्यांना तिथल्या तिथे पाठवून द्या.