मेल सर्व्हरची सेवा सुरूच होत नाही? रीस्टार्ट थांबवा, लॉग वाचा

अपडेट झालं, सर्व्हर रीबूट केला आणि मेलची सेवा उठलीच नाही. अशा वेळी हात आपोआप रीस्टार्टकडे जातो. एकदा, दोनदा, पाचदा. मीही पूर्वी हेच करत असे. एकदा त्यात जवळजवळ दोन तास गेले. शेवटी दोष सापडला तो ‘मेन डॉट सीएफ’ या मेलच्या सेटिंग्ज असलेल्या फाइलमधल्या एका ओळीच्या सुरुवातीला पडलेल्या एका स्पेसमध्ये. त्या दिवसापासून मी एकच क्रम पाळतो: आधी वाचायचं, मग हात लावायचा.

घाई न करण्याला भक्कम आधारही आहे. तुमचा सर्व्हर बंद असला म्हणून बाहेरून येणारा मेल लगेच नाहीसा होत नाही. पाठवणारा सर्व्हर तो आपल्या रांगेत ठेवतो आणि पुन्हा पुन्हा प्रयत्न करतो. किमान 4 ते 5 दिवस प्रयत्न करत राहावं, असं एसएमटीपीचं, म्हणजे मेल पाठवण्याच्या पद्धतीचं, मानक सांगतं, आणि पोस्टफिक्स या मेल सर्व्हरची मूळ मुदत 5 दिवसांची आहे. तुमच्या लोकांचं काम अडलेलं असतं हे खरं, पण अर्धा तास शांतपणे बसून शोध घेण्याइतकी सवड नक्की असते.

इथे मी लिनक्सवरच्या पोस्टफिक्स आणि डोव्हकॉट या जोडीबद्दल लिहितो आहे.

सगळ्यात आधी कॉन्फिगरेशनच्या फोल्डरची एक प्रत काढून ठेवा. नंतर कोणती सेवा पडली आहे ते ठरवा. मेल ये-जा करण्याचं काम पोस्टफिक्सचं, मेलबॉक्स उघडून दाखवण्याचं डोव्हकॉटचं. अनेक ठिकाणी पोस्टफिक्स पासवर्ड तपासायलाही डोव्हकॉटवरच अवलंबून असतो. त्यामुळे मेल पाठवता येत नाही अशी तक्रार आली आणि लॉगमध्ये ‘नो एसएएसएल ऑथेंटिकेशन मेकॅनिझम्स’ (म्हणजे पासवर्ड तपासण्याची सोयच सापडत नाही) असं दिसलं, तर पोस्टफिक्सला हात लावण्याआधी डोव्हकॉट चालू आहे का ते बघा.

आता ‘सिस्टमसीटीएल स्टेटस पोस्टफिक्स’ चालवा. इथे एक फसवी जागा आहे. डेबियन आणि उबुंटूच्या बऱ्याच आवृत्त्यांत पोस्टफिक्स या नावाची सेवा म्हणजे नुसतं वेष्टन असतं. ती ‘अ‍ॅक्टिव्ह, एक्झिटेड’ असं हिरव्या अक्षरात दाखवते आणि खरी प्रक्रिया मात्र मेलेली असते. खरी स्थिती ‘पोस्टफिक्स@-’ या नावाखाली सापडते. हिरवा रंग बघून सेवा चालू आहे असं समजू नका.

मग लॉग. ‘जर्नलसीटीएल -बी -यू’ आणि पुढे सेवेचं नाव, एवढ्याने या बूटपासूनच्या नोंदी मिळतात. डेबियन कुळात मेलचा लॉग ‘मेल डॉट लॉग’ फाइलमध्ये असतो, रेड हॅट कुळात ‘मेललॉग’मध्ये. डेबियन 12 पासून मात्र लॉगच्या फाइली लिहिणारा आरसिसलॉग आपोआप येत नाही, त्यामुळे ती फाइलच दिसली नाही तर गोंधळू नका, जर्नलवर विसंबा. वाचताना शेवटची ओळ नाही, पहिली चूक शोधा. ‘फेटल’ शब्द जिथे पहिल्यांदा येतो तिथे थांबा. खालच्या ओळी बहुतेक वेळा त्याच पडझडीचे पडसाद असतात. ‘स्टार्ट रिक्वेस्ट रिपीटेड टू क्विकली’ ही ओळ तर आपल्याच घाईमुळे येते. सेवा सुरू-बंद करणाऱ्या सिस्टमडीच्या मूळ सेटिंगनुसार 10 सेकंदांत 5 प्रयत्न झाले की तो पुढचे नाकारतो. दोष दुरुस्त झाल्यावर ‘सिस्टमसीटीएल रीसेट-फेल्ड’ चालवलं की ही अडवणूक सुटते.

कॉन्फिगरेशनची तपासणी

‘पोस्टफिक्स चेक’ चालवा. सगळं ठीक असेल तर ही आज्ञा काहीच बोलत नाही. त्यानंतर ‘पोस्टकॉन्फ -एन’ ने आपण लिहिलेली सेटिंग्ज पोस्टफिक्सला कशी समजली आहेत ते बघा. माझा तो स्पेस इथेच दिसला. मेन डॉट सीएफमध्ये स्पेसने सुरू होणारी ओळ ही वरच्या ओळीचाच पुढचा भाग मानली जाते. मी दुसरीकडून एक ओळ कॉपी करून आणली होती, तिच्यापुढे एक स्पेस आला होता, आणि ती सगळी ओळ वरच्या ‘आयनेट इंटरफेसेस’ या सेटिंगच्या मूल्याला जाऊन चिकटली. लॉग ‘होस्ट नॉट फाउंड’ म्हणत होता आणि मी डीएनएस तपासत बसलो होतो. फाइल डोळ्यांनी दहा वेळा वाचूनही सुटलं ते पोस्टकॉन्फच्या उत्तरात एका नजरेत कळलं.

डोव्हकॉटसाठी ‘डोव्हकॉन्फ -एन’ हेच काम करतं. 2.3 वरून 2.4 वर अपडेट झालं असेल तर शोध बहुधा इथेच संपेल. 2.4 चं कॉन्फिगरेशन जुन्याशी जुळत नाही, आणि फाइलमधलं पहिलं सेटिंग ‘डोव्हकॉट कॉन्फिग व्हर्जन’ असावं लागतं. डेबियन 13 मध्ये हीच आवृत्ती येते. अशा वेळी जुनी फाइल ओळीओळीने नव्या पद्धतीत आणण्याला पर्याय नाही.

पोर्ट आणि डिस्क

‘अ‍ॅड्रेस ऑलरेडी इन यूज’ असं लिहिलं असेल तर पोर्ट दुसऱ्या कोणीतरी धरलं आहे. ‘एसएस -एलटीएनपी’ चालवून 25, 465, 587 या पोर्टवर कोण बसलं आहे ते पाहा. डोव्हकॉटसाठी 143 आणि 993. बहुतेक वेळा सिस्टमबरोबर आलेला एक्झिम किंवा सेंडमेल असा दुसरा मेल सर्व्हर निघतो. त्याला थांबवा आणि ‘डिसेबल’ही करा, नाहीतर पुढच्या रीबूटला तोच आधी जागा पकडेल.

डिस्क तपासताना ‘डीएफ -एच’ वर थांबू नका, ‘डीएफ -आय’ सुद्धा बघा. मेलडिर पद्धतीत प्रत्येक मेल ही स्वतंत्र फाइल असते, म्हणून गिगाबाइट शिल्लक असतानाही आयनोड (प्रत्येक फाइलसाठी लागणाऱ्या नोंदी) संपू शकतात. डिस्क भरली म्हणून पोस्टफिक्सच्या स्पूल फोल्डरमधलं मात्र काहीही पुसू नका. तिथे लोकांचे अजून न गेलेले मेल असतात. जागा करायची असेल तर जुने लॉग हलवा.

परवानग्या आणि सर्टिफिकेट

‘परमिशन डिनाइड’ दिसलं की सगळ्या फोल्डरला 777, म्हणजे सगळ्यांना सगळ्या परवानग्या, द्यायचा मोह होतो. तो टाळा. पोस्टफिक्सला आपली रचना माहीत असते, ‘पोस्टफिक्स सेट-परमिशन्स’ ती पूर्ववत करतो. परवानग्या बरोबर असूनही नकार येत असेल तर एसईलिनक्स ही लिनक्सची वेगळी सुरक्षा यंत्रणा तपासा. दुसरीकडून हलवलेल्या फाइलवर जुनं लेबल राहतं, आणि ‘रिस्टोरकॉन’ ते सुधारतो.

सर्टिफिकेटची मुदत संपल्याने डोव्हकॉट बंद पडत नाही. ग्राहकाच्या मेल अ‍ॅपमध्ये इशारे येतात, एवढंच. पण सर्टिफिकेटची फाइल सांगितलेल्या जागी नसेल तर डोव्हकॉटचं काम अडतं. पोस्टफिक्स अशा वेळी सुरू होतो पण टीएलएस (एन्क्रिप्शन) बंद ठेवून, त्यामुळे ते उशिरा लक्षात येतं.

कारण सापडलं की एकच बदल करा, सेवा सुरू करा आणि पुन्हा लॉग बघा. एकदम चार गोष्टी बदलल्या तर नेमकं काय लागू पडलं ते कळत नाही. पॅकेज ‘पर्ज’ करून पुन्हा टाकण्याच्या फंदात पडू नका, त्याने कॉन्फिगरेशनही जातं.

सेवा उठल्यावर 25 पोर्टला टेलनेट करा. 220 ने सुरू होणारी ओळ आली म्हणजे पोस्टफिक्स बोलतो आहे. ‘पोस्टक्यू -पी’ ने रांग बघा, ती हळूहळू कमी व्हायला हवी. आत येणारा आणि बाहेर जाणारा असे दोन्ही मेल पाठवून बघा.

आणि त्याच दिवशी, कामाची वेळ संपल्यावर, सर्व्हर एकदा मुद्दाम रीबूट करा. पोस्टफिक्सला ठरावीक आयपी पत्ता दिलेला असेल तर बूटच्या वेळी नेटवर्क तयार होण्याआधीच तो सुरू व्हायला जातो आणि ‘कॅनॉट असाइन रिक्वेस्टेड अ‍ॅड्रेस’ म्हणून पडतो. हाताने सुरू केल्यावर तीच सेवा व्यवस्थित चालते, म्हणून हा दोष पुढच्या रीबूटपर्यंत लपून राहतो. तसं दिसलं तर सेवेच्या युनिटमध्ये ‘नेटवर्क-ऑनलाइन’ टार्गेटची अट घाला, आणि पुन्हा एकदा रीबूट करून खात्री करा.