नर आला त्याच दिवशी त्याच्या जाण्याची तारीख लिहा

मी डुकरं पाळते. माझ्याकडे नऊ माद्या आणि एक नर असतो. चौदा वर्षं हाच आकडा आहे, कारण एवढ्यांचंच मी नीट करू शकते. माझ्यासारख्या छोट्या कळपात रक्त जवळ यायला, म्हणजे नात्यातल्या नात्यात पैदास व्हायला, वाईट हेतू लागत नाही, विसराळूपणा पुरतो. आणि ते जवळ येतं ते जवळजवळ नेहमी नराच्या बाजूने. म्हणून सुरुवात तिथूनच करते.

हिशोब साधा आहे. आज नर मादीवर गेला. ११४ दिवसांनी, म्हणजे तीन महिने, तीन आठवडे आणि तीन दिवसांनी, मादी विते. त्या वेतातली मादी-पिल्लं सात-आठ महिन्यांची झाली की पैदाशीला येतात. म्हणजे पहिल्या दिवसापासून साधारण वर्षभरात त्या नराची स्वतःची मुलगी माजावर येऊन त्याच्या शेजारच्या कप्प्यात उभी असते. म्हणून नराने पहिली मादी भरवली की त्याच दिवशी मी शेडच्या दारामागे खडूने वर्षभरानंतरची तारीख लिहिते. ती तारीख येण्याआधी एकतर नर जातो, नाहीतर त्याच्या मुली जातात. दोघं एकत्र राहायचे तर मुलींसाठी परक्या नराचं रेत, म्हणजे वीर्य, बाहेरून आणायचं.

हे मी चूक करून शिकले. एक भुरा नर होता, अगदी माणसाळलेला. कान खाजवला की आडवा व्हायचा, माद्यांना कधी चावला नाही. असा नर विकायला जीव धजत नाही. साडेतीन वर्षं ठेवला. त्याच्या तीन मुली ठेवल्या आणि त्याच्याकडूनच भरवल्या. पहिल्या वेताला विशेष काही दिसलं नाही, आणि फसगत तिथेच झाली. दुसऱ्या खेपेला अकराच्या जागी आठ पिल्लं आली. एकाला गुदद्वारच नव्हतं, दोघांना हर्निया निघाला. जगलेली पिल्लंही संथ, सडाला लागायला उशीर करणारी. मी खाद्याला दोष दिला, थंडीला दिला. मग एका रात्री वही उघडली आणि बाप आणि आजोबा या दोन रकान्यांत एकच नंबर दिसला.

बाप आणि मुलगी, किंवा सख्खे भाऊ-बहीण यांची जोडी लागली, तर पिल्लाचा अंतःप्रजनन गुणांक २५ टक्के येतो. सावत्र भाऊ-बहिणींचा १२.५, सख्ख्या चुलत भावंडांचा ६.२५. गुणांक म्हणजे काय, तर एखाद्या जनुकाच्या दोन्ही प्रती एकाच पूर्वजाकडून येण्याची शक्यता. ही मोजणी सेवल राइट या शास्त्रज्ञाने १९२२ साली मांडली. प्रत्येक जनावर काही दोष दडवून ठेवतं. ते दोष दोन्हीकडून सारखेच आले की वर येतात. आणि दिसणाऱ्या व्यंगाहून न दिसणारी घट जास्त महागात पडते. वेतात दोन पिल्लं कमी येतात, दूध तोडेपर्यंत आणखी एखादं जातं, माज लांबतो.

आता एक गणित सांगते. ते केल्यापासून नवी मादी विकत घेऊन रक्त बदललं असं मी म्हणत नाही. बाहेरून काहीच न आणणाऱ्या कळपात दर पिढीला रक्त किती जवळ येतं ते असं काढायचं: नरांच्या संख्येच्या आठपटीने एकाला भागा, माद्यांचंही तसंच करा, दोन्ही उत्तरं मिळवा. एक नर आणि नऊ माद्या धरल्या तर येतात सुमारे १४ टक्के. माद्या दुप्पट करून अठरा केल्या तरी १३ टक्के. माद्या नऊच ठेवून नर दोन केले तर साडेसात! दुर्मीळ जाती जपणारे लोक हा आकडा १ टक्क्याच्या आसपास ठेवायची धडपड करतात. आपल्याला घरच्या घरी ते जमणार नाही, म्हणून रक्त बाहेरून यायलाच हवं, आणि ते नराकडून आणणं सगळ्यात सोपं.

नर कुठून आणायचा

आम्ही तिघं पालक मिळून करतो. तिघांकडे एकमेकांशी नातं नसलेले तीन नर. दर वर्षी नर एकाच दिशेने सरकतात, माझा दुसऱ्याकडे, दुसऱ्याचा तिसऱ्याकडे, तिसऱ्याचा माझ्याकडे. तीन वर्षं चालतं. चौथ्या वर्षी पहिला नर परत माझ्याकडे येऊ शकत नाही, कारण इथे त्याच्या मुली आणि नाती आहेत. तेव्हा तिन्ही नवीन. आणि चक्रात फिरतो तो नरच, त्याचा मुलगा नाही. एकदा आमच्यातला एक जण म्हणाला, "ताई, मुलगा बापापेक्षा देखणा आहे, तोच घे." मी घेतला नाही. त्या मुलाची आई माझ्याच शेडवरून गेलेली होती.

नर फिरतो तसा रोगही फिरतो. आलेलं प्रत्येक डुक्कर किमान ३० दिवस वेगळ्या शेडमध्ये, वेगळी भांडी, वेगळे बूट. ब्रुसेला आणि लेप्टो या गाभ पाडणाऱ्या जंतूंसाठी रक्त तपासून घ्या, खरूज अंगावर बघून घ्या. आसपास आफ्रिकन स्वाइन फीव्हर या डुकरांच्या जीवघेण्या साथीची कुणकुण असेल तर त्या वर्षी नर हलवूच नका. रक्त वर्षभर थांबू शकतं, मेलेला कळप परत येत नाही.

दुसरा रस्ता कृत्रिम रेतनाचा. डुकराचं ताजं रेत १७ अंशांच्या आसपास ठेवतात. फ्रिजच्या थंडीत ते मरतं आणि उन्हातही मरतं. काही दिवसांतच वापरावं लागतं, म्हणून मादीचा माजाचा २१ दिवसांचा फेरा वहीत हवा. दूध तोडल्यावर चार ते सात दिवसांत ती बहुतेक वेळा माजावर येते, त्या अंदाजाने रेत मागवायचं. रेतातूनही काही विषाणू येतात, तेव्हा तपासलेल्या नराचंच घ्या. माझ्या मते ज्याला दुसरा नर पोसणं परवडत नाही त्याने हे शिकावंच. घरच्या नराच्या मुलींपुरतं वापरलं तरी पुष्कळ.

संकर म्हणजे सुटका नव्हे

"आमची सगळी संकरितच आहेत, मग रक्ताची काय काळजी?" हे मी फार ऐकलंय. संकरित भाऊ आणि संकरित बहीण ही भाऊ-बहीणच असतात.

संकराचा जोम खरा आहे. पिल्लांची संख्या, त्यांचं जगणं, आईचं दूध या गोष्टी निवडीने फार हळू सुधारतात, कारण त्या आईबापांकडून पिल्लांत कमी उतरतात. दोन वेगळ्या जाती जुळवल्या की याच गोष्टी एका पिढीत वर येतात. चरबीची जाडी आणि काही प्रमाणात वाढीचा वेग मात्र आईबापांवर जातो. तिथे संकर थोडंच देतो, चांगला नर जास्त देतो. म्हणून लँडरेस आणि लार्ज व्हाइट यॉर्कशायर या दोन जातींची संकरित मादी आई म्हणून घेतात आणि तिच्यावर ड्युरॉकसारख्या जातीचा वाढीचा नर घालतात. आईलाही जोम, पिल्लालाही जोम.

या पद्धतीत एकही पिल्लू पैदाशीला ठेवायचं नसतं, सगळी विक्रीला. मग नर कितीही वर्षं राहू दे, त्याच्या मुली कळपात येतच नाहीत. नवशिक्यांना मी हीच पद्धत सांगते. फक्त संकरित माद्या दर वेळी बाहेरून आणाव्या लागतात.

माद्या घरच्याच ठेवायच्या असतील तर दोन जातींचे नर आलटून पालटून वापरा. मुलीचा बाप यॉर्कशायर असेल तर तिला लँडरेस, तिच्या मुलीला परत यॉर्कशायर, पण नवा. असं चालू ठेवलं की काही पिढ्यांनी जोमाचा दोन-तृतीयांश भाग टिकून राहतो. तीन जाती फिरवल्या तर सुमारे ८६ टक्के. आणि संकरित मादीवर संकरित नर, दोघं त्याच दोन जातींचे, असं केलं तर जोम अर्ध्यावर येतो आणि पिल्लंही रंगाने, आकाराने नाना तऱ्हेची निघतात. घरच्या वेतातला गोंडस नर राखू नका असं मी इतकं कळकळीने म्हणते ते यासाठी.

तुमच्याकडे काटक, जुन्या जातीच्या माद्या असतील तर सगळ्यांवर मोठ्या जातीचा नर घालू नका. काही शुद्ध राखा, नाहीतर संकर करायला उद्या एक बाजूच उरणार नाही. शिवाय लहान चणीच्या मादीवर जड नर चढला की तिचे पाय जातात.

वही आणि कान

पिल्लू जन्मल्यापासून तीन दिवसांत त्याचा कान खाचला जातो. उजव्या कानात वेताचा नंबर, डाव्या कानात पिल्लाचा. खाचेच्या जागेप्रमाणे १, ३, ९, २७ आणि शेंड्याला ८१; शेंड्याला एकच खाच, बाकी जागी दोनपर्यंत. या बेरजेतून उजव्या कानावर १६१ पर्यंत वेतं मावतात. टॅग पडतात, खाच राहते. पण खाच आधी, पिल्लं दुसऱ्या मादीखाली सरकवणं नंतर! एका वर्षी दोन माद्या एकाच रात्री व्याल्या, मी घाईत चार पिल्लं इकडची तिकडे केली आणि खाचा दुसऱ्या दिवशी पाडल्या. त्या दोन्ही वेतांतली एकही मादी मला ठेवता आली नाही. एकाच माजात दोन नर वापरले तरी तेच होतं, बाप कळत नाही.

वहीत आई, बाप, भरवल्याची तारीख, जिवंत, मेलेली, दूध तोडताना उरलेली, सडांची संख्या आणि व्यंग. मादी ठेवायची तर किमान १२ चालते सडं हवीत, मी १४ बघते. जोडी लावण्याआधी दोघांचे आईबाप आणि आजी-आजोबा शेजारी शेजारी लिहा. एकही नंबर दोन्हीकडे आला तर जोडी रद्द.

वेत लहान आलं म्हणून लगेच रक्ताला दोष देऊ नका. उन्हाचा तडाखा बसलेल्या नराचं रेत सुधारायला पाच-सहा आठवडे लागतात. माजात चुकीच्या वेळी भरवलं तरी पिल्लं कमी येतात. पोटातच पिल्लं मारणारा पार्व्हो विषाणूही असू शकतो. मी असं बघते: तोच नर परक्या माद्यांवर चांगली वेतं देतोय आणि नात्यातल्या माद्यांवर नाही, तर दोष नात्याचा. सगळीकडे हर्निया देतोय तर दोष नराचा, तो जाऊ दे. हर्नियाच्या किंवा बंद गुदद्वाराच्या वेतातलं धडधाकट भावंडही मी पैदाशीला ठेवत नाही.

रक्त जवळ आलेलं असेल तर हातपाय गाळू नका. डार्विनने १८६८ साली एका पालकाची हकीकत दिली आहे. त्याने एकच नर मुलीवर, नातीवर, पणतीवर असा सात पिढ्या वापरला. पिल्लांना दूध ओढायचीही अक्कल उरली नाही, सरळ चालता येईना. शेवटच्या दोन माद्या परक्या नरांकडे पाठवल्या आणि त्यांना निरोगी वेतं झाली. मादी कितीही नात्यातली असो, परका नर आला की पिल्लाचा गुणांक शून्यावर येतो. भुऱ्याच्या तिन्ही मुलींवर मी परका नर घातला. वेतं अकरापर्यंत गेली नाहीत, पण पिल्लं उभी राहिली, आणि त्या पिल्लांतली एक मादी पुढे माझी सगळ्यात चांगली आई ठरली.

आणि अपघात. नर-पिल्लं चार महिन्यांची होण्याआधी बहिणींपासून वेगळी करा किंवा लहानपणीच खच्ची करा. पाचव्या-सहाव्या महिन्यात ती बहिणीला गाभण करू शकतात. कुंपण तुटून बाप मुलीवर गेला तर तारीख लिहा, २१ दिवसांनी ती परत माजावर येते का बघा. गाभण राहिलीच तर मी तिला विऊ देते, नीट खाऊ घालते, त्या वेतातल्या प्रत्येकाच्या कानात वेताची खाच पाडते आणि वहीत त्या नंबरापुढे लाल शाईने लिहिते: विक्रीला, एकही ठेवायचं नाही.