वणव्याच्या हंगामात शेतावर घर बांधताना

वणव्यात जळालेली बहुतेक घरे आगीच्या मुख्य लोटाने पेटलेली नसतात. त्या लोटाच्या पुढे वाऱ्यावर उडत आलेले निखारे छपराच्या फटीत, पन्हळीतल्या पाचोळ्यात किंवा भिंतीलगतच्या सरपणात पडतात, तिथे बराच वेळ धुमसत राहतात आणि कधीकधी वणवा पुढे निघून गेल्यावर घर पेट घेते. असे निखारे एक किलोमीटरहून अधिक अंतर कापू शकतात. बांधून पूर्ण झालेल्या घराला निदान दारे, तावदाने आणि बंद छप्पर असते. अर्धवट बांधलेल्या घराला यांपैकी काहीच नसते, उलट त्याच्या आत उघडे लाकूड, भुसा, सिमेंटच्या रिकाम्या पिशव्या, थर्माकोल आणि रंगाचे डबे असा भरपूर जळाऊ ऐवज पडलेला असतो. म्हणून वणव्याच्या हंगामात बांधकाम करायचे असेल, तर भिंत कशाची बांधायची याच्याही आधी कोणते काम केव्हा करायचे, हे ठरवावे लागते. उघडे वासे आणि उघडे छप्पर घेऊन घर ऐन हंगामात उभे राहता कामा नये, आणि पुढचे सगळे नियोजन याच एका गोष्टीसाठी आहे.

जागा निवडताना

आग चढावर वेगाने धावते, कारण ज्वाळा वरच्या अंगाच्या गवताकडे झुकतात आणि ते पेटण्याआधीच त्याला वाळवून तापवतात. उतार १० अंशांनी वाढला, की आगीचा वेग साधारणपणे दुप्पट होतो. त्यामुळे टेकडीचा माथा, उताराचा मधला भाग आणि दोन टेकड्यांमधली खिंड या तिन्ही जागा, तिथून देखावा कितीही सुंदर दिसत असला तरी, टाळाव्यात. सपाट भाग निवडावा आणि तोही उताराच्या कडेपासून चांगला मागे सरकून. शेतावर घर बांधणाऱ्याला एक मोठी सोय असते, ती म्हणजे नांगरलेले रान, ओलिताखालचा भाजीपाला, शेततळे, खडीचा रस्ता आणि जनावरांनी चरून मोकळे केलेले कुरण. हे सारे घर आणि जंगल यांच्यामध्ये येईल अशी मांडणी केली, तर वेगळा खर्च न करता आगीचे इंधन तुटते. वणव्याच्या दिवसांतला वारा वर्षभराच्या नेहमीच्या वाऱ्याच्या दिशेनेच येतो असे नाही, म्हणून त्या दिवसांत वारा कुठून सुटतो हे आसपासच्या जुन्या शेतकऱ्यांना विचारून मगच आराखडा काढावा.

अंतर किती असावे, याला प्रयोगाचा आधार आहे. १९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात कॅनडाच्या वायव्य प्रदेशात संशोधकांनी जंगलाचे तुकडे मुद्दाम पेटवले आणि त्यांच्यापासून वेगवेगळ्या अंतरांवर लाकडी भिंती उभ्या केल्या. १० मीटरवरच्या काही भिंती पेटल्या, ३० मीटरवरच्या पेटल्या नाहीत. म्हणजे घराभोवती ३० मीटरपर्यंतचा परिसर आपल्या ताब्यात असेल, तर ज्वाळांच्या थेट धगीचा प्रश्न बराचसा सुटतो आणि लढाई निखाऱ्यांशी उरते. या परिसरापैकी भिंतीलगतचा दीड मीटरचा पट्टा सर्वांत महत्त्वाचा आहे. तिथे खडी, फरशी किंवा उघडी माती असावी. झुडूप, लाकडी भुशाचे आच्छादन, सरपण किंवा लाकडी कुंपणाचे टोक यांपैकी काहीही तिथे नसावे. घराला टेकलेले लाकडी कुंपण दिव्याच्या वातीसारखे काम करते, म्हणून घरालगतचा त्याचा भाग लोखंडी करावा. त्यापुढे १० मीटरपर्यंत गवत १० सेंटीमीटरपेक्षा उंच वाढू देऊ नये, झाडांच्या जमिनीपासून २ मीटरपर्यंतच्या फांद्या छाटाव्यात आणि छपरावर एकही फांदी झुकू देऊ नये. त्याहून पुढच्या पट्ट्यात झाडे ठेवायला हरकत नाही, मात्र ती विरळ असावीत आणि त्यांच्याखाली वाळलेला कचरा साचू देऊ नये.

आधी पाणी आणि वाट

पाया खणण्याआधी टाकी बसवावी आणि रस्ता करावा, असा माझा आग्रह आहे. बहुतेक ठिकाणी हा क्रम उलटा असतो, आणि घर अर्धे झाले तरी पाण्यासाठी दिवसातून एकदा येणाऱ्या टँकरवर अवलंबून राहावे लागते.

आगीसाठी निदान १०,००० लिटर पाणी कायम राखून ठेवावे. टाकी काँक्रीटची किंवा धातूची असावी, कारण प्लास्टिकच्या टाकीचा पाण्याच्या पातळीवरचा भाग धगीने वितळतो. बांधकामाच्या आणि घरच्या वापराची तोटी टाकीच्या तळाशी लावण्याऐवजी वरच्या अंगाला लावावी आणि आगीच्या पंपाची जोडणी तेवढी तळाशी घ्यावी. असे केले की काँक्रीटवर पाणी मारणाऱ्याने तोटी रात्रभर उघडी ठेवली, तरी खालचा साठा तसाच राहतो. वणव्यात वीज बहुधा सर्वांत आधी जाते, त्यामुळे पंप डिझेलवर किंवा पेट्रोलवर चालणारा हवा. जमिनीवरून जाणारे पाइप धातूचे असावेत आणि प्लास्टिकचे पाइप किमान ३० सेंटीमीटर खोल गाडावेत. रबरी नळी घराच्या चारही कोपऱ्यांपर्यंत पोहोचते की नाही, हे एकदा प्रत्यक्ष ओढून पाहावे.

रस्ता अग्निशमन दलाच्या गाडीच्या मापाने करावा. साधारण ४ मीटर रुंदी, वर ४ मीटरहून थोडी अधिक मोकळी उंची आणि शेवटी गाडी वळवण्यापुरती जागा एवढे असले, तर चालक आत यायला कचरत नाही. वाटेत ओढ्यावर मोरी किंवा साकव असेल, तर भरलेल्या टँकरचे वजन त्यावर पेलेल की नाही, हे आधीच तपासावे.

कामाचा क्रम

हंगाम सुरू असताना ओली आणि न जळणारी कामे करावीत: पाया, जोते, दगड-विटांच्या किंवा ब्लॉकच्या भिंती, गिलावा, पाण्याच्या आणि विजेच्या तारांच्या चाऱ्या. कोरड्या गरम वाऱ्यात काँक्रीटचा पृष्ठभाग झपाट्याने सुकून तडकतो, त्यामुळे ओतकाम पहाटे सुरू करावे आणि पुढे किमान ७ दिवस ओले गोणपाट टाकून ठेवावे. हे गोणपाट वाळू देऊ नये, आणि काम संपताच ते उचलून न्यावे.

छपराचे लाकूडकाम, लाकडी तक्तपोशी आणि आतले उष्णतारोधक थर ही कामे पाऊस पडून रान हिरवे झाल्यावर करणे सर्वांत चांगले. ते शक्य नसेल, तर वासे चढवण्याआधी पत्रे किंवा कौले, कडांच्या पट्ट्या, जाळ्या, दारे आणि तावदाने असे सगळे सामान जागेवर आलेले असावे आणि सुतार, पत्रेवाले यांच्या तारखा पक्क्या झालेल्या असाव्यात, म्हणजे सांगाडा उघडा राहण्याचा काळ काही दिवसांपुरताच उरतो. लाकूड एकदम सगळे आणून रचू नये. लागेल तसे आणावे आणि घरापासून दूर, उघड्या जमिनीवर, घट्ट बांधलेल्या आच्छादनाखाली ठेवावे. साधी प्लास्टिकची ताडपत्री एका निखाऱ्याने वितळून भोक पडते आणि तो निखारा थेट लाकडावर जाऊन बसतो.

पेंढ्याच्या गाठी रचून भिंती बांधणाऱ्यांनी या क्रमाबाबत विशेष कडक राहावे. दोन्ही बाजूंनी जाड गिलावा झालेली दाबलेल्या गाठींची भिंत आगीला उत्तम तोंड देते, कारण आतल्या पेंढ्याला पुरेशी हवाच मिळत नाही. गिलाव्याआधी मात्र तोच सुटा पेंढा पायाखाली सर्वत्र पसरलेला असतो आणि एका ठिणगीत सगळे काम जाते. हे काम हंगामात काढूच नये.

ठिणगी आपल्याच हातून पडू नये

बांधकामावरून वणवा सुरू होणे हे बाहेरून आलेल्या वणव्याइतकेच खरे संकट आहे, आणि त्यात शेजाऱ्यांची पिके आणि जनावरेही जातात. २०१८ साली कॅलिफोर्नियातला ‘कार फायर’ (Carr Fire) नावाचा प्रचंड वणवा एका ट्रेलरचे टायर फुटून त्याची लोखंडी रिम रस्त्यावर घासल्यामुळे पडलेल्या ठिणग्यांनी लागला होता. सामान ओढणाऱ्या गाड्यांची चाके आणि लोंबणाऱ्या साखळ्या रोज तपासण्याची शिस्त म्हणूनच लावून घ्यावी. गरम सायलेन्सरची गाडी उंच वाळलेल्या गवतात उभी करू नये.

तापमान ३० अंश सेल्सिअसच्या वर, हवेतली आर्द्रता ३० टक्क्यांच्या खाली आणि वारा ताशी ३० किलोमीटरच्या वर, हा आडाखा अनेक देशांत वापरला जातो. या तिन्ही गोष्टी एकत्र जुळल्या, तर वेल्डिंग, ग्राइंडर आणि गवतकापणी त्या दिवशी पूर्ण बंद ठेवावी, आणि प्रशासनाने बंदी जाहीर केली असेल तर प्रश्नच उरत नाही. इतर दिवशीही वेल्डिंगसाठी एकच जागा ठरवावी, तिथे खडी पसरावी आणि भोवतालचे किमान १० मीटर साफ करावेत. पाण्याने भरलेली नळी हातात घेऊन एक माणूस केवळ पाहण्यासाठी उभा असावा आणि काम संपल्यावर त्याने आणखी एक तास तिथेच थांबावे. वेल्डिंगचा तप्त गोळा फटीत पडून सावकाश पेट घेतो, आणि सगळे जेवायला गेले की धूर दिसतो. शक्य तिथे वेल्डिंगऐवजी नट-बोल्ट आणि ग्राइंडरऐवजी पत्र्याची कातर वापरावी. गवत सकाळी दव असतानाच कापावे, कारण पात्याला दगड लागला तरी ठिणगी उडते. जवसाच्या तेलाने माखलेली फडकी ढिगात टाकली, तर ती आपोआप तापून पेटू शकतात. ती पाणी घातलेल्या, झाकणाच्या पत्र्याच्या डब्यात ठेवावीत. साफसफाईत निघालेला पालापाचोळा जागेवर जाळणे तर हंगामात पूर्ण वर्ज्य मानावे.

बांधकामावर मुक्कामी असलेल्या मजुरांच्या झोपड्या कुठे आहेत, हे घराच्या आराखड्याइतक्याच गांभीर्याने पाहावे. त्या बऱ्याचदा सावलीसाठी झाडांत आणि प्लास्टिकच्या आच्छादनाखाली असतात, म्हणजे सर्वांत धोक्याच्या जागी. त्या नांगरलेल्या किंवा मोकळ्या जमिनीवर हलवाव्यात, बाहेर पडायच्या दोन वाटा सर्वांना चालून दाखवाव्यात आणि धुराच्या दिवसांत एन-९५ मास्क द्यावेत. धूर दाट असेल, तर काम थांबवावे आणि त्या दिवसाची मजुरी कापू नये.

छप्पर, फटी आणि तावदाने

आकार जितका साधा, तितके घर सुरक्षित. छपराच्या दोन उतारांमधल्या पन्हळीत आणि भिंतींच्या आतल्या कोपऱ्यांत वारा पाचोळा आणून टाकतो, आणि निखारेही नेमके तिथेच गोळा होतात. कौलांच्या कडेची पोकळी आणि नागमोडी पत्र्याखालची अर्धगोल भोके सिमेंटने किंवा धातूच्या पट्टीने बुजवावीत. हे काम किरकोळ वाटते, म्हणून शेवटी राहून जाते. मला विचाराल तर महागड्या रंगलेपांपेक्षा आधी इथे पैसे खर्च करावेत. प्रत्येक झरोक्याला धातूची बारीक जाळी हवी. ऑस्ट्रेलियाच्या एएस ३९५९ या मानकात तिच्या छिद्राची मर्यादा २ मिलिमीटर आहे. वळचण खालून बंद करावी. पन्हळ प्लास्टिकची न घेता धातूची घ्यावी. भिंतीचा जमिनीलगतचा किमान १५ सेंटीमीटर भाग न जळणाऱ्या साहित्याचा असावा. साधी काच धगीने तडकून गळून पडते आणि निखाऱ्यांना आत वाट मिळते, त्यामुळे टफन्ड काचेची दुहेरी तावदाने आणि बाहेरून धातूच्या झडपा बसवाव्यात. गॅसचा सिलिंडर भिंतीशी ठेवायचा असेल, तर त्याच्या सुरक्षा झडपेचे तोंड घराच्या उलट दिशेला असावे.

गंजी आणि जनावरे

वैरणीची गंजी घरापासून आणि गोठ्यापासून किमान ३० मीटर दूर रचावी. ओलसर गवत रचले, तर गंजी आतून तापते आणि बाहेरच्या ठिणगीशिवायही पेटू शकते, म्हणून पूर्ण वाळल्याशिवाय गाठी बांधू नयेत. जनावरांसाठी पाणी असलेले आणि चरून उघडे पडलेले एक रान राखून ठेवावे. तिथे सोडताना त्यांची नायलॉनची दावी आणि मोहरक्या काढाव्यात, कारण त्या वितळून कातडीला चिकटतात.

इशारा आल्यावर

विमा काम सुरू होण्याआधीच उतरवावा आणि त्यात बांधकामाधीन घराचा व आणलेल्या मालाचा समावेश आहे का, हे वाचून घ्यावे. जवळपास वणवा लागल्यावर विमा कंपन्या नवीन विमा देणे बऱ्याचदा थांबवतात.

इशारा आला की परांचीवरच्या फळ्या खाली उतरवाव्यात, भुसा आणि तुकडे उचलावेत, उघड्या दारा-खिडक्यांवर सिमेंटचे किंवा धातूचे पत्रे ठोकावेत, इंधनाचे डबे दूर मोकळ्या रानात न्यावेत आणि लवकर निघावे. अर्धवट घर राखण्यासाठी कोणीही मागे थांबू नये. त्या सांगाड्यात आसरा मिळत नाही. गाड्यांची तोंडे बाहेरच्या दिशेला असावीत. परतण्याची परवानगी मिळाल्यावर पहिल्या २४ तासांत आढ्याच्या फटी, जोत्याच्या कडा, लाकडाचा ढीग, भुशाची पोती आणि गंजी पुन्हापुन्हा तपासावी, आणि जिथे हात जवळ नेताच ऊब लागेल तिथे ढीग फावड्याने उकलून आतपर्यंत पाणी मारावे.