उन्हाळ्यात उजनीत शिंगटा गळाला का लागत नाही? या चुका टाळा

एप्रिल सुरू झाला आणि शिंगटा (तळाशी राहणारा मिशाळ मासा) गळाला लागेनासा झाला, की त्याचे खापर बहुतेक जण आमिषावर फोडतात. गांडुळाऐवजी कोंबडीचे आतडे, त्याऐवजी चिलापी (तिलापिया) माशाचा तुकडा असे प्रयोग रात्रभर चालतात; गळ मात्र दरवेळी त्याच जागी पडत राहतो. माझ्या मते भीमा नदीवरच्या उजनीसारख्या धरणात उन्हाळ्यात चूक आमिषात क्वचितच असते, ती जागेत आणि खोलीत असते. या दिवसांत पाणी आठवड्याआठवड्याला बदलते आणि मासा त्या पाण्याबरोबर जागा बदलतो.

मागच्या पंधरवड्याच्या जागेवर बसणे

उजनीच्या सुमारे ११७ टीएमसी साठ्यापैकी जवळजवळ ६३ टीएमसी हा मृत साठा, म्हणजे नेहमीच्या वापरात न धरलेले तळाचे पाणी आहे. उन्हाळी आवर्तने सुटू लागली की उपयुक्त साठा भराभर संपतो आणि धरण ‘उणे’मध्ये जाते, म्हणजे मृत साठाही उतरू लागतो; २०२४च्या मे महिन्यात ते उणे ५० टक्क्यांच्याही खाली गेले होते. फुगवट्याच्या भागात काठाचा उतार अगदी मंद असल्यामुळे पातळी थोडी जरी उतरली तरी पाणी लांबवर मागे सरकते, आणि मार्चमध्ये जिथे दोन पुरुष पाणी होते तिथे मे महिन्यात शेताचे बांध उघडे पडतात. अशा वेळी शिंगटा भीमेच्या जुन्या पात्राकडे सरकतो आणि पात्राच्या कडेला, जिथे तळ एकदम खाली उतरतो, तिथे थांबतो.

ही कड शोधण्यासाठी महागडे यंत्र लागत नाही. गळ न बांधता दोरीला नुसते शिसे (वजन) लावून लांब फेकावे, ते तळाला टेकेपर्यंत आकडे मोजावेत आणि मग दोरी बोटावर घेऊन ते हळूहळू ओढत आणावे. मुरूम किंवा खडीचा तळ असेल तर बोटाला बारीक टकटक जाणवते; गाळ असेल तर शिसे रुतते आणि ओढ दिल्यावर जड होऊन सुटते. पंख्यासारखे चारी अंगांना असे फेकत गेले की मऊ तळ संपून कठीण तळ कुठे सुरू होतो आणि खोली कुठे अचानक वाढते, हे अर्ध्या तासात कळते. हा अर्धा तास वाचवणारा माणूस पुढची सगळी रात्र वाया घालवतो.

‘ऊन वाढले, म्हणजे मासा सर्वांत खोल’ हा समज

हा समज अर्धाच खरा आहे. पाणी तापले की त्यात विरघळणारा प्राणवायू कमी होतो: २० अंश सेल्सिअसला एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३० अंशांना साडेसातच. त्याशिवाय वारा पडलेला असेल तर वरचे गरम, हलके पाणी आणि खालचे थंड, जड पाणी एकमेकांत मिसळत नाही. खालच्या थराला वरून प्राणवायू मिळत नाही आणि तळाशी कुजणारा पाला-गाळ असलेला प्राणवायूही संपवतो. मागूर आणि शिंगी हे मासे पृष्ठभागावर येऊन हवेतून श्वास घेऊ शकतात. शिंगट्याला ती सोय नाही, त्यामुळे तो असा तळ सोडून मधल्या खोलीवर येतो.

याची खूण शिशावरच मिळते. वर आलेल्या शिशाला काळा गाळ चिकटलेला असेल आणि त्याला सडक्या अंड्यासारखा वास येत असेल, तर त्या खोलीवर बसून उपयोग नाही. तिथून उथळ बाजूला सरकत जावे आणि तो वास जिथे थांबतो तिथे गळ टाकावा.

वेळ निवडताना पाण्याचा रंग न पाहणे

शिंगटा मुख्यतः अंधारात खातो, म्हणून संध्याकाळ आणि रात्र चांगली, हे ठीकच आहे. पहाटेबद्दल मात्र सावध राहावे. शेवाळामुळे पाणी हिरवे झाले असेल तर ते शेवाळ दिवसा प्राणवायू सोडते, पण रात्रभर तो वापरते आणि त्यामुळे पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. अशा पाण्यात दिवस मावळल्यापासून मध्यरात्रीपर्यंतचा वेळ साधावा. वारा असल्यास लाटा ज्या काठावर येऊन आदळतात तो काठ धरावा. मात्र तिथे हिरवी साय जमली असेल तर तो सोडून द्यावा.

वळवाच्या पावसानंतर लगेच गळ टाकणे

जोराचा वळीव आणि वादळी वारा यांमुळे वरचे आणि खालचे पाणी एकदम ढवळून निघते व तळाचे प्राणवायू नसलेले पाणी वर येते. चिलापीसारखे लहान मासे पृष्ठभागावर तोंड उघडताना दिसले तर एक-दोन दिवस थांबणेच योग्य. याला अपवाद ओढ्याच्या तोंडाचा आहे. ओढा वाहू लागून गढूळ पाणी धरणात शिरत असेल तर त्याबरोबर किडे आणि गांडुळे येतात, आणि मिशांनी वास व चव घेणारा शिंगटा गढूळ व स्वच्छ पाण्याच्या सीमेवर येतो. गळ नेमका त्या सीमेवर टाकावा.

ढग गडगडू लागले की कार्बनची काठी खाली ठेवून काठापासून दूर जावे, आणि होडीत असाल तर वारा सुटण्याआधी काठ गाठावा. २१ मे २०२४ रोजी कुगाव ते कळाशी जाणारी प्रवासी बोट याच जलाशयात वादळी वाऱ्याने उलटली आणि ६ जणांचे प्राण गेले.

आमिष आणि हाताळणी

शिंगट्याला सडके आमिष आवडते ही ऐकीव गोष्ट आहे. ताजा चिलापीचा तुकडा अधिक चालतो आणि उन्हात तो लवकर खराब होत असल्याने ओल्या गोणपाटात ठेवावा. शिसे दोरीवर मोकळे सरकू द्यावे, कारण मासा आमिष उचलून चालू लागताच त्याला वजन जाणवले तर तो ते टाकून देतो.

पाठीवरचा आणि छातीच्या परांचा काटा ताठ व दातेरी असतो, म्हणून मासा त्या काट्यांच्या मागून पकडावा. पावसाळ्याच्या तोंडावर पोट गाभोळीने फुगलेली मादी लागली, तर तिला दगडावर न आपटू देता पाण्यातच गळ काढून सोडावे; गरम, कमी प्राणवायूच्या पाण्यात थकलेली मादी लगेच निघून जात नाही, तेव्हा ती स्वतः शेपटी मारेपर्यंत तिला हाताने सरळ धरून ठेवावे.