खुर्ची लावायला सुरुवात कोपरापासून करा
पाठ दुखायला लागली की लोक थेट नवीन खुर्ची बघायला लागतात, पण मी सांगते, आधी आहे तीच नीट लावून बघा, बराचसा त्रास सेटिंगमुळेच असतो.

टेबलाची उंची सहसा बदलता येत नाही, म्हणून खुर्ची टेबलाच्या हिशोबाने लावायची. पार मागे सरकून बसा, खांदे सैल सोडा, कोपरं अंगाजवळ घ्या आणि हात कीबोर्डवर ठेवा. कोपर साधारण 90 ते 100 अंशात आणि कीबोर्डच्या लेव्हललाच यायला हवं. खांदे कानाकडे चढतायत? मग खुर्ची खाली आहे, वर घ्या. आता पाय अधांतरी राहिले तर बरेच जण खुर्ची परत खाली करतात आणि संध्याकाळपर्यंत मान-खांदे आखडून बसतात, तसं प्लीज करू नका, पायाखाली फूटरेस्ट किंवा जाड पुस्तकांचा गठ्ठा घ्या. पाऊल पूर्ण टेकलं पाहिजे, नाहीतर सीटची कड मांडीत रुतते आणि पायाला मुंग्या येतात. सीटची कड आणि गुडघ्याची मागची बाजू यात दोन-तीन बोटं जागा ठेवा.

कंबरेला सपोर्ट नसेल तर टॉवेलची घट्ट गुंडाळी करून बेल्टच्या जरा वर, कंबरेच्या खोलगट भागात ठेवा. आणि काटकोनात ताठ बसायचा हट्ट सोडा, टेकूनच बसा, पाठ जराशी मागे, 100 ते 110 अंश.

स्क्रीन हातभर लांब, वरची कड डोळ्यांच्या लेव्हलला किंवा किंचित खाली. डोक्याचं वजन साधारण 4 ते 5 किलो असतं, ते पुढे झुकलं की सगळा भार मानेच्या स्नायूंवर येतो. बायफोकल चष्मा असेल तर स्क्रीन अजून खाली घ्या, नाहीतर खालच्या काचेतून बघायला हनुवटी वर करावी लागते आणि मान दुखते. लॅपटॉपचं तर स्क्रीन आणि कीबोर्ड जोडलेलंच, एक नीट केलं की दुसरं बिघडतं, तेव्हा रोज तासन् तास काम असेल तर वेगळा कीबोर्ड-माऊस घ्याच आणि लॅपटॉप उंचावर ठेवा.

हे सगळं जमलं तरी अर्ध्या तासाने उठायचंच. फोन आला की उभं राहून बोला, पाण्याचा ग्लास छोटा ठेवा म्हणजे भरायला आपोआप उठावं लागतं.