जुन्या बोटीची टाकी किती लिटरची, आणि काटा किती खरा? या चुका टाळा

जुनी बोट घेताना माणूस इंजिन सुरू करून धूर बघतो, तळाला ठोकून आवाज ऐकतो, शाफ्ट हाताने हलवून बघतो. टाकीचा विषय निघाला की मात्र विकणारा म्हणतो, "तीनशेची हाय," आणि घेणारा मान डोलावतो. पुढे मोसमभर सगळा हिशेब त्या तीनशेवरच चालतो. डॅशबोर्डवरचा काटा अर्ध्यावर दिसला की दीडशे शिल्लक, पावावर आला की पंचाहत्तर. यातला एकही आकडा खरा नसण्याची शक्यता बरीच असते.

रस्त्यावर डिझेल संपलं तर गाडी कडेला लावता येते. समुद्रात टाकीच्या नळीने एकदा हवा ओढली की इंजिन बंद पडतंच, वर कॅनमधलं डिझेल ओतलं तरी ते लगेच सुरू होत नाही. फिल्टरपासून पंपापर्यंतची एअर काढावी लागते. डोलणाऱ्या बोटीत गरम इंजिनाला चिकटून, हातात पाना धरून हे काम करणं म्हणजे काय, ते ज्याने केलंय त्यालाच विचारा.

विकणाऱ्याचा किंवा पाटीवरचा आकडा धरून चालणं

जुन्या बोटीत मूळ टाकी असेलच याची खात्री नाही. गंजली म्हणून काढलेली, मापात बसेल अशी स्थानिक वर्कशॉपमध्ये वेल्डिंग करून घेतलेली टाकी सर्रास सापडते. कागदपत्रं मात्र मूळ टाकीचीच असतात.

परदेशी बनावटीच्या बोटीत आणखी एक घोळ आहे. टाकीच्या पाटीवर गॅलन लिहिलेलं असतं. ब्रिटिश गॅलन 4.546 लिटरचा आणि अमेरिकन गॅलन 3.785 लिटरचा. म्हणजे '50 गॅलन' एका हिशेबाने 227 लिटर होतात आणि दुसऱ्या हिशेबाने 189. फरक 38 लिटरचा. 100 हॉर्सपॉवरचं जुनं डिझेल इंजिन बऱ्यापैकी लोडवर ताशी 15 ते 18 लिटर पितं, तेव्हा हा फरक दोन तासांच्या वाटचालीचा आहे. बोट कुठल्या देशात बांधली ते आधी बघा, मग गुणाकार करा.

आणि आकडा बरोबर असला तरी तो सगळा इंजिनाच्या वाट्याला येत नाही. इंजिनाकडे डिझेल नेणाऱ्या खेचनळीचं तोंड तळापासून दोन-तीन सेंटिमीटर वर ठेवलेलं असतं, कारण तळाशी पाणी आणि गाळ बसतो. त्याखालचं डिझेल तुमच्या पैशाचं, पण उपयोगाचं नाही. वरच्या बाजूला पाचेक टक्के जागा रिकामी सोडावी लागते. सकाळी थंड डिझेल काठोकाठ भरलं आणि दुपारी टाकी पंधरा अंशांनी तापली, तर 300 लिटरमागे जवळपास पावणेचार लिटर वाढतं आणि व्हेंटमधून (टाकीच्या हवानळीतून) थेट पाण्यात जातं.

अर्धा काटा म्हणजे अर्धी टाकी समजणं

सगळ्यात महागात पडणारी चूक हीच. काटा लिटर मोजत नाही. टाकीत एक फ्लोट तरंगतो, तो किती उंचीवर आहे एवढंच काट्याला कळतं. टाकी चौकोनी खोक्यासारखी असती तर उंची आणि लिटर एकाच प्रमाणात घटले असते. पण बोटीचा तळ निमुळता, त्यामुळे टाकीही खाली अरुंद आणि वर रुंद बनवतात.

एक टाकी घ्या. लांबी 100 सेंटिमीटर, उंची 50, वरची रुंदी 80 आणि तळाची 40. रुंदीची सरासरी 60, त्यामुळे एकूण 300 लिटर. आता डिझेल बरोबर अर्ध्या उंचीवर, म्हणजे 25 सेंटिमीटरवर आहे. तिथे रुंदी 60, तळाला 40, सरासरी 50. गुणाकार केला की 125 लिटर येतात, 150 नव्हे. पाव उंचीला 75 हवेत, भरतात 56. त्यात खेचनळीखालचे तीन सेंटिमीटर, म्हणजे साधारण 12 लिटर, वजा करा. काटा पावावर असताना हाती उरले 44. वर विकणाऱ्याच्या शब्दावर टाकीच तीनशेऐवजी अडीचशेची निघाली, तर हे 44 सुद्धा उरत नाहीत.

म्हणूनच अशा टाकीचा काटा आधी हळू उतरतो आणि शेवटी धपकन पडतो. "वरचं अर्धं खूप पुरतं, खालचं अर्धं लगेच संपतं" असं खलाशी म्हणतात ते बरोबर आहे, गेज खराब झालेला नसतो.

आडव्या ड्रमसारख्या गोल टाकीचं गणित वेगळं. तिथे अर्धा म्हणजे खरंच अर्धा, पण पाव उंचीला 20 टक्क्यांच्या आतच माल असतो आणि एक दशांश उंचीला जेमतेम पाच टक्के.

पट्टी न बनवता मोसम सुरू करणं

यावर एकच खरा उपाय आहे आणि तो जुना आहे: आपल्या टाकीची आपली पट्टी, म्हणजे लिटरच्या खाचा पाडलेली लाकडी काठी. एक सकाळ जाते, खर्च जवळपास नाही. तरी बहुतेक लोक हे काम टाळतात, याचं मला नवल वाटतं.

बोट पाण्यात असायला हवी, नेहमीच्या सामानासकट. पावसाळ्यात ओढून वर घेतलेली बोट तरंगताना बसते तशी बसत नाही, त्यामुळे किनाऱ्यावर केलेलं माप फसवं ठरतं. जेटीला, वारा पडलेला असताना, बोट सरळ उभी असेल तेव्हा करा.

आधी टाकी रिकामी करायची, पण इंजिन चालवून नव्हे. इंजिनाकडे जाणारी नळी फिल्टरच्या आधी सोडवा आणि हातपंपाने कॅनमध्ये उपसा. पंपाने हवा ओढली की थांबा. आता टाकीत जे उरलं ते खेचनळीखालचं. पट्टी टाकून त्याची उंची टिपा. तुमच्या बोटीचं शून्य ते. गाळ-पाणी काढायचं असेल तर याच वेळी तळाचा नळ उघडून काढा आणि तेवढंच स्वच्छ डिझेल मोजून परत टाका.

मग 20-20 लिटर ओतत जा. कॅनवर 20 छापलेलं असलं तरी काठोकाठ भरल्यावर त्यात जास्त मावतं, म्हणून डिझेल पंपाच्या मीटरवर बघूनच भरून आणा. मीटरचीच शंका असेल तर पंपावर 5 लिटरचं प्रमाणित माप ठेवलेलं असतं, ते मागून तपासता येतं. प्रत्येक वेळी फेस बसू द्या, दोन-चार मिनिटं जाऊ द्या, मग पट्टी सरळ खाली टेकवा. कोऱ्या, रंग न दिलेल्या लाकडावर डिझेलची ओली रेघ स्वच्छ दिसते. तिथे चाकूने खाच पाडा आणि शेजारी लिटर कोरा. पेनाने लिहिलेलं डिझेलमध्ये धुऊन जातं. त्याच वेळी दुसऱ्याला काटा बघायला बसवा: 60 लिटरला कुठे, 80 ला कुठे. हा कागद प्लास्टिकमध्ये घालून सुकाणूजवळ चिकटवला की डॅशबोर्डवरचा खोटा काटासुद्धा उपयोगी पडतो, कारण तो किती खोटा आहे ते आता तुम्हाला माहीत असतं.

भरण्याची नळी वाकडी असेल तर पट्टी तळापर्यंत जाणार नाही. मग फ्लोटचं युनिट (फ्लोट, त्याची दांडी आणि काट्याला पातळी कळवणारा भाग) काढून त्या भोकातून, किंवा टाकीच्या झाकणातून मापा. पट्टी दर वेळी एकाच जागी टेकली पाहिजे.

काटा चुकतोय म्हणून थेट नवा गेज आणणं

दहापैकी बहुतेक वेळा दोष गेजमध्ये नसतो. वायर, अर्थिंग किंवा टाकीतलं युनिट, यांतलं काहीतरी असतं. गेज बदलण्याआधी दहा मिनिटांची तपासणी पुरते.

बाजारात दोन पद्धतीची युनिटं जास्त चालतात. अमेरिकन पद्धतीत टाकी रिकामी असताना रेझिस्टन्स 240 ओहम आणि भरलेली असताना 33. युरोपियन पद्धतीत उलट: रिकामीला 10, भरलेलीला 180. गेज एका पद्धतीचा आणि युनिट दुसऱ्या पद्धतीचं लावलं की काटा उलटा चालतो. अमेरिकन गेजला युरोपियन युनिट जोडलं तर रिकामी टाकी 'फुल' दाखवते. आधीच्या मालकाने मिळेल तो पार्ट बसवलेल्या बोटीत हे होतं, आणि घेणारा "काटा बिघडलाय" म्हणून सोडून देतो.

चाचणी गेजच्या मागच्या बाजूने करा, टाकीपाशी ठिणगी नको. चावी बंद करून 'एस' लिहिलेल्या टर्मिनलची वायर काढा. अमेरिकन पद्धतीच्या वायरिंगमध्ये ती बहुधा गुलाबी असते. चावी चालू करा. अमेरिकन गेज रिकामीकडे जायला हवा, युरोपियन भरलेलीकडे. पुन्हा चावी बंद, 'एस' टर्मिनल वायरच्या तुकड्याने अर्थला जोडा, चावी चालू. आता काटा विरुद्ध टोकाला गेला तर गेज ठणठणीत आहे, पैसे वाचले.

मग काढलेली वायर आणि अर्थ यांच्यामध्ये मल्टिमीटर लावा. टाकीत किती आहे ते पट्टीने माहीत आहेच. अमेरिकन युनिट अर्ध्या उंचीला साधारण 100 ओहम दाखवतं. आकडा फारच जास्त आला तर तोच टाकीवर थेट युनिटच्या दोन टोकांवर मापा. तिथे बरोबर आणि इथे चूक, म्हणजे वायर किंवा अर्थिंग सडलेलं. खाऱ्या हवेत हिरवी पडलेली अर्थची रिंग हे नेहमीचं कारण; काढून घासून पुन्हा आवळली की काम होतं.

इथे एक बारकावा ध्यानात ठेवा. सडलेल्या जोडामुळे रेझिस्टन्स वाढतो. अमेरिकन पद्धतीत त्यामुळे काटा खऱ्यापेक्षा कमी दाखवतो, तुम्ही उगाच लवकर डिझेल भरता, एवढंच. युरोपियन पद्धतीत तोच दोष खऱ्यापेक्षा जास्त दाखवतो, आणि वायर तुटली तर काटा कायम 'फुल'. ती चूक जिवावर बेतणारी आहे.

युनिटच बिघडलं असेल तर बाहेर काढून मीटर लावून दांडी हाताने वरखाली करा. आकडा सरकत जायला हवा, मध्येच उडी मारली तर युनिटच्या आतली रेझिस्टन्सची पट्टी झिजलीय. फ्लोट कानाशी हलवा. आत डिझेल खुळखुळलं तर तो बुडतोय. दांडीची लांबी टाकीच्या खोलीला साजेशी नसली किंवा फ्लोट आतल्या आडपट्टीला अडकत असला, तर काटा ठरावीक जागेखाली उतरतच नाही.

व्हेंट आणि दुसरी टाकी विसरणं

पंपाचं नोझल टाकी भरण्याआधीच टक्‌कन बंद होतं आणि लोक म्हणतात, "भरली." व्हेंटची नळी बघा. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत बोट उभी असताना कुंभारमाशी त्या तोंडात मातीचं घर करते. हवा बाहेर पडत नाही, म्हणून टाकी भरल्यासारखी वाटते. पुढे समुद्रात हवा आतही येत नाही, आणि तासाभराने इंजिन गुदमरतं. झाकण फिरवल्यावर फुस्स आवाज आला आणि इंजिन पुन्हा नीट चाललं, तर दोष व्हेंटचाच.

दोन टाक्यांच्या डिझेल बोटीत परतीची नळी कुठे जाते ते नळीवरून हात फिरवत शोधा. इंजिन जेवढं डिझेल खेचतं त्यातलं बरंच परत पाठवतं. डाव्या टाकीतून खेचलं आणि परत उजवीकडे सोडलं, तर डावी हिशेबापेक्षा लवकर संपते आणि उजवी भरून वाहते. दोन्ही टाक्या जोडणारा व्हॉल्व्ह उघडा असेल आणि बोट एका बाजूला कललेली असेल, तर सगळं खालच्या अंगाला जातं; गेज मात्र एकाच टाकीवर असतो. माप घेताना हा व्हॉल्व्ह बंद ठेवा.

ट्रॉलरच्या टाकीला पातळी दिसावी म्हणून बाहेरून पारदर्शक नळी लावलेली असते. ती पिवळी, कडक झाली असेल तर लगेच बदला आणि तिचे दोन्ही नळ बघण्यापुरतेच उघडा. नळी फुटली तर टाकी इंजिनखान्यात रिकामी होते.

वेगात असताना नाळ (बोटीचं पुढचं टोक) वर उचलते आणि इंधन मागे पळतं, तेव्हाचा काटा वाचूच नका.

पेट्रोलच्या बोटीला हीच कृती लावणं

नको. बसवलेल्या पेट्रोल टाकीवर काम करताना ब्लोअर (हवा बाहेर टाकणारा पंखा) आधी चालवून वाफ घालवा, मग बॅटरी सोडवा, पट्टी लाकडाची किंवा पितळेची घ्या. उपसण्याचं काम सराईत मिस्त्रीवर सोडलेलं बरं. पंपावरच्या पेट्रोलमध्ये आता 20 टक्क्यांपर्यंत इथेनॉल असतं; जुन्या फायबरच्या टाकीचं रेझिन आणि जुने रबरी पाइप ते खातं, तेव्हा माप घेताना टाकीच्या आत विजेरीचा उजेड टाकून न बघता पट्टीला चिकट थर लागतो का ते पाहा.

युनिट परत बसवताना पाच भोकांचं असेल तर जोर लावू नका. भोकांमधलं अंतर मुद्दाम असमान ठेवलेलं असतं आणि ते एकाच बाजूने बसतं. गॅस्केट नवं, इंधनाला टिकणारं घ्या. युनिट टाकीच्या माथ्यावर असल्याने गळती अर्ध्या टाकीला दिसत नाही. टाकी पूर्ण भरा, बोट जरा हलवा, स्क्रूंभोवती कोरडं फडकं फिरवा, आणि दुसऱ्या दिवशी दुपारी ऊन तापल्यावर तेच पुन्हा एकदा करा.